शेवटच्या रांगेतला मास्क

१

झेपेवरून खाली कोसळणारा माणूस भीतीनं ओरडतोय की आनंदानं, हे फोटोवालीला नुसत्या जबड्यावरून कळायचं. म्हणजे साथ यायच्या आधी कळायचं. आता जबडे मास्कमागे गेले होते आणि तिच्या वाट्याला नुसते डोळे उरले होते. डोळ्यांवरून काही कळत नाही. विस्फारलेले डोळे सगळ्यांचे सारखेच.

झेप ही त्या पार्कातली सगळ्यात उंच राइड. गाडी कडकड करत चढावर जायची, टोकाला क्षणभर थबकायची आणि खाली सुटायची. सुटतानाच खांबावरचा कॅमेरा फोटो काढायचा, आणि लोक लटपटत्या पायांनी पायऱ्या उतरून फोटोवालीच्या काचेच्या खोलीपाशी येईपर्यंत त्यांचे चेहरे तिच्या पडद्यावर हजर असायचे. पूर्वी ती ते फोटो विकायची. पार्क पुन्हा उघडल्यावर तिचं काम उलटं झालं. कोणाचा मास्क नाकाखाली आलाय, कोणाचा हनुवटीवर लोंबतोय ते शोधायचं, आणि ज्याचं तोंड दिसतंय त्याला फोटो द्यायचा नाही. रांगेत उभं राहायला जमिनीवर पिवळे गोल चिकटवले होते. एकटा माणूस आला तर त्याच्या शेजारची सीट रिकामी ठेवायची. भोंग्यातला एक गोड आवाज दिवसभर नाक आणि तोंड झाकायची विनंती करत असायचा.

लोक विनंतीला भीक घालत नव्हते. फोटोवालीचा दीर तेव्हा ऑक्सिजनवर होता, घरात कोणाचा घास गिळत नव्हता, आणि इथे माणसं मास्क खिशात घालून आरोळ्या ठोकत होती. तिचं डोकं फिरायचं. मीटिंगमध्ये तिनंच सुचवलं की बाहेर पडायच्या दाराशी जो मोठा पडदा आहे, त्यावर जाहिरातींऐवजी नियम मोडणाऱ्यांचे फोटो लावू. लाल गोल करून. आपोआप ताळ्यावर येतील.

साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मिळालेली ती पहिली शाबासकी, त्यामुळे बाई जरा चढल्या. लोक खरोखरच ताळ्यावर आले. रांगेतल्यांना मात्र नवा खेळ मिळाला. पडद्यावर नवा चेहरा आला की हुर्यो व्हायची. कामगारसुद्धा सकाळी एकमेकांना विचारायचे, "आज कोणाची वरात?"

त्याच दिवसांत एकदा, शेवटच्या रांगेत डावीकडे एक चष्मेवाल्या वयस्कर बाई एकट्याच बसून आल्या. फोटोत त्यांचा मास्क हनुवटीवर होता आणि त्या हसत होत्या. घाबरून दात दिसतात तसं नव्हे. पोटातून, अंग सोडून, वय विसरून. फोटोवालीनं या कॅमेऱ्यात हजारो तोंडं पाहिली होती, पण असं हसू क्वचित. तिचा हात अर्धा क्षण अडला. मग तिनं लाल गोल केला आणि फोटो दारावरच्या पडद्यावर पाठवला.

बाई पायऱ्या उतरून आल्या तेव्हा हुर्यो सुरू झालेली होती. मास्क आता नीट होता. त्या काचेला टेकून हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा, तेवढा काढून टाक गं. वाऱ्यानं सरकला तो, मी मुद्दाम नाही काढला."

फोटोवालीसमोर माईक होता. तो चालू आहे हे तिला ठाऊक होतं.

"हसायला मास्क काढावा लागत नाही, मावशी," ती म्हणाली.

रांग खदखदून हसली. बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, जणू अजून काही ऐकायचं राहिलंय. मग निघून गेल्या. फोटोवालीनं पुढचा फोटो उघडला. संध्याकाळी घरी तिनं नवऱ्याला हा किस्सा सांगितला, आणि त्याला हसू आलं नाही म्हणून ती त्याच्यावरच चिडली.

२

मोठा पडदा फार दिवस टिकला नाही. कोणीतरी वरपर्यंत तक्रार नेली आणि साहेबांनी, कल्पना आपली कधी नव्हतीच अशा थाटात, तो बंद केला. त्याऐवजी एक नवी सोय आली. फोटोत उघडं तोंड दिसलं की संगणक आपणहून त्यावर राखाडी मास्क चढवणार. म्हणजे नियमही राहिला आणि विक्रीही.

"याला बाकी काही कळत नाही," बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला होता. "तोंड दिसलं की मास्क. एवढंच."

फोटोवालीनं साठवलेल्या सगळ्या जुन्या फोटोंवरून ते यंत्र हौसेनं, एका झटक्यात फिरवलं. मूळ प्रती आधी बाजूला काढून ठेवायच्या असतात, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. इंजिनिअरनं कपाळावर हात मारला आणि पुढच्या फोटोंसाठी एक बटण करून दिलं. ते दाबलं की मास्क उतरून मूळ फोटो दिसायचा. जुने मात्र गेले ते गेलेच. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. जुने फोटो कोण मागायला येतंय?

त्याच सुमाराला झेपेची शेवटची रांग बंद झाली. गाडी उभी असताना ती रांग जिन्यातल्या लोकांच्या फार जवळ यायची. दोन्ही सीटवर पिवळी पट्टी आडवी बांधली गेली.

आणि एका दुपारी त्या पट्टीच्या वर, डाव्या सीटवर, फोटोवालीला एक मास्क दिसला.

तिथे कोणी नव्हतं. सीटची काळी पाठ, पट्टी आणि हवेत टांगलेला राखाडी मास्क. तिनं फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या रांगेत बसलेला जाडजूड माणूस हा फोटो विकत घ्यायला काचेपाशी उभा होता. तिनं शेवटची रांग कापून टाकली आणि छापून दिला.

३

यंत्राला चूक होते. ढगात माणसाला घोडा दिसतो, मग यंत्राला डोकं टेकायच्या गादीवर तोंड दिसलं तर नवल काय? फोटोवालीनं स्वतःला हे समजावलं, आणि ते पटलंही. दुसऱ्या सकाळी फडकं आणि फवारा घेऊन ती गाडीपाशी गेली आणि ती गादी घासूनपुसून काढली. डाग नव्हता, चीर नव्हती. तरी तिनं वरून जुना टॉवेल बांधला.

दुपारच्या फोटोत मास्क टॉवेलवर होता.

गाडी चालवणारे काका पार्क सुरू झाल्यापासूनचे. तिनं त्यांना फोटो दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले.

"यंत्राचं मला कळत नाही," ते म्हणाले. "पण माझीही एक तक्रार आहे त्या सीटबद्दल. ये, दाखवतो."

रिकाम्या सीटवरचा सुरक्षेचा दांडा खाली दाबला की तो पार सीटला टेकतो. काकांनी उजवीकडचा दाबला. तो टेकला. डावीकडचा दाबला, तो अर्ध्यावर खट् करून थांबला.

"गंजला असेल," फोटोवाली म्हणाली.

"गंजला तर करकरेल. हा मऊ थांबतो." काकांनी पुन्हा दाबला. दांडा तिथेच थांबला, माणसाच्या मांडीवर थांबावा तेवढ्या उंचीवर. "मी सांगितलं वर. म्हणाले, रांग बंदच आहे ना, मग राहू द्या."

रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी गाडीची एक फेरी रिकामी काढायची पद्धत होती. त्या रिकाम्या फेरीचाही फोटो निघायचा आणि तो कोणी बघत नसे. फोटोवाली आता बघू लागली. सगळ्या सीट मोकळ्या, मागे सकाळचं आभाळ, आणि शेवटच्या रांगेत तेवढा एक मास्क.

यंत्राचा मास्क म्हणजे चिकटवलेलं चित्र. तो सगळ्यांना सारखा सपाट बसायचा, घडी नाही की सुरकुती नाही. इथला तसा नव्हता. एका सकाळी तो मधोमध फुगलेला होता. दुसऱ्या सकाळी आत ओढलेला, कापड ओठांना चिकटावं तसा. फोटोवालीनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि लगेच बंद केले. मग तिला स्वतःचाच राग आला. शिकलेली बाई मी, ती मनात म्हणाली, आणि मोठ्यानं नाक शिंकरून कामाला लागली.

४

एक मुलगी आली ती आडवारी, गर्दी नसताना. फोटोवालीच्याच वयाची असेल. काचेसमोरच्या पिवळ्या गोलावर ती अगदी मधोमध उभी राहिली, पाय जुळवून.

"ताई, एक जुना फोटो हवा होता. माझ्या आईचा. तुमच्या त्या मोठ्या पडद्यावर लावला होता."

फोटोवालीनं नजर पडद्याकडे वळवली. "खूप जणांचे लावले होते," ती म्हणाली.

"चष्मा होता तिला. एकटीच बसली होती, शेवटी. मला उंचीची भीती वाटते, मी खाली पिशव्या धरून थांबले. आई गेली, ताई. त्यानंतर थोड्याच दिवसांत."

"अरे देवा. त्यातच?"

"ताप आला, नेलं, आणि गुंडाळूनच परत दिली. तोंडसुद्धा बघू दिलं नाही. घरी शोधायला बसले, तर अलीकडच्या सगळ्या फोटोंत मास्क. आधीच्या फोटोंत ती हसतच नाही. दात पुढे होते ना, लाजायची. तेवढा एक तुमच्याकडचा आहे, त्यात ती हसतेय. मी खालून पाहिला होता पडद्यावर. लोक ओरडत होते, दुसरं काही ऐकू येत नव्हतं, पण मी तिचं हसूच बघत राहिले."

फोटोवालीनं समोरचा माईक बंद आहे ना ते पाहिलं.

"इथून गेल्यावर ती पुन्हा बाहेरच पडली नाही," मुलगी म्हणाली. "घरातही मास्क काढेना. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायची. इथे कोणीतरी तिला काहीतरी बोललं, एवढंच मला कळलं. काय ते सांगितलं नाही. ताई, तेव्हा या खोलीत कोण होतं हो?"

फोटोवालीच्या नाकातोंडावर मास्क होता आणि त्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक ढाल. तिला कोणीच ओळखलं नसतं.

"दुसरी होती," ती म्हणाली. "सोडून गेली ती."

शब्द इतक्या सहज निघाले की तिचं तिलाच दचकायला झालं. मुलीनं मान हलवली. विश्वास ठेवायला ती तयारच होऊन आली होती. "मग फोटो तेवढा बघाल? माझा नंबर घ्या." फोटोवालीनं नंबर मोबाइलमध्ये घेतला, शोधते म्हणाली, वेळ मारून नेली.

मुलगी गेल्यावर तिनं फोटो शोधला. लगेच सापडला. चष्मा, उडालेले केस, आणि खाली राखाडी मास्क. हनुवटीपासून नाकापर्यंत पक्का बसलेला. हसू कुठेच नव्हतं. ते तिनंच पुसलं होतं, हौसेनं, एका झटक्यात.

मग तिनं सीट पाहिली. शेवटची रांग, डावीकडे. हे तिला खरं तर टॉवेल बांधतानाच ठाऊक होतं. फक्त तिनं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

५

मुलगी पुन्हा आली तेव्हा ती पायऱ्यांवर दिसताच फोटोवाली टेबलाखाली गेली.

विचार करून नव्हे. पायच गेले. टेबलाखाली प्रिंटर होता, वायरी होत्या, धुळीचे पुंजके होते, आणि त्यात एक चांगली घरंदाज बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वर काचेवर टकटक झाली. "ताई?" पुन्हा टकटक. भोंग्यातला गोड आवाज नाक आणि तोंड झाकायची विनंती करून गप्प झाला, पुन्हा करून गप्प झाला. मुलगी काही जाईना.

त्या शांततेत फोटोवालीला वरून, गाडीच्या फलाटावरून, दांड्याचा आवाज आला. खट्. मऊ. गाडी उभी होती आणि काका चहाला गेले होते, हे तिला माहीत होतं. पुन्हा खट्. कोणीतरी बसून कंटाळून दांडा वरखाली करावा तसं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती होतीच, पण तिच्या वर कितीतरी जास्त लाज होती. नुसती भीती असती तर ती पळाली तरी असती. लाजेनं तिला तिथेच दाबून धरलं. मुलीची पावलं पायऱ्यांकडे गेली, आणि तरीही ती बराच वेळ बाहेर आली नाही.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. मास्कचं आणि दांड्याचं सोडून. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "माफी माग आणि मोकळी हो. काय खाणार आहे ती तुला?"

"कोणत्या तोंडानं मागू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

तिनं मुलीला फोन केला. उद्या सकाळी या, पार्क उघडायच्या आधी, मी दारावर सांगून ठेवते. मुलगी इतकी आनंदली की फोटोतलं हसू पुसलं गेलंय हे सांगायचं फोटोवालीच्या जिवावर आलं. समोर आल्यावर सांगू, ती म्हणाली स्वतःला.

६

सकाळी ती मुद्दाम लवकर आली. काका रिकाम्या फेरीची तयारी करत होते.

"मला बसवा," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेत."

"वेड लागलंय का तुला?"

"काका, एकदाच. तिथे काही नाही हे मला बघून घेऊ द्या. म्हणजे मी त्या मुलीशी नीट बोलू शकेन."

काकांना यातलं अर्धंच कळलं, पण त्यांनी पट्टी सोडली. ती उजवीकडे बसली. तिचा दांडा तिच्या मांडीवर आला. डावीकडचा आपल्या ठरलेल्या उंचीवर थांबला. शेजारी हात लावून बघायचा असं ती घरून ठरवून आली होती. तिनं हात आपल्याच मांडीखाली दाबून धरले.

गाडी चढू लागली. कडकड आवाजात तिला आपलं रडू ऐकू येत नव्हतं, एवढं बरं होतं. टोकाला गाडी थबकली. वारा नव्हता. त्या थबकण्यात तिला डाव्या कानाशी श्वास ऐकू आला, मास्कमधून घेतलेला, कापड आत ओढणारा. तिनं मान वळवली. सीट रिकामी होती. मग गाडी सुटली आणि ती ओरडली, बाळंतपणातही ओरडली नसेल इतकी, घसा फाटेपर्यंत. तिचा मास्क केव्हा हनुवटीवर आला ते तिला समजलंच नाही.

खाली काकांनी पाण्याची बाटली दिली. ती बाटली घेऊन खोलीत आली आणि पडद्यावर फोटो उघडला. शेवटच्या रांगेत दोन मास्क होते. एक तिच्या तोंडावर यंत्रानं चढवलेला. दुसरा रिकाम्या सीटवर.

"ताई, मिळाला?"

मुलगी केव्हा आली ते तिला कळलं नव्हतं. ती पिवळा गोल सोडून थेट काचेला चिकटली होती, आणि पडदा तिला सरळ दिसत होता.

"अहो, हीच! हीच आई." तिचा आवाज फुटला. "चष्मा बघा की. केस बघा. ताई, तुमचे फार उपकार झाले."

फोटोवालीनं पडद्याकडे पाहिलं. तिला चष्मा दिसला नाही. केस दिसले नाहीत. काळी सीट आणि मास्क, बस्स. "तिथे कोणी नाहीये," ती म्हणाली. घसा बसल्यामुळे आवाज निघाला नाही.

"हा मास्क काढता येईल ना? तोंड बघू द्या तिचं."

मूळ फोटोचं बटण हाताशीच होतं. ते दाबलं की मास्क जाणार, मागे रिकामी सीट दिसणार, आणि मग हिला सगळं सांगता येणार: यंत्राची चूक, आपली चूक, माईक, सगळं. फोटोवालीनं बटण दाबलं.

दोन्ही मास्क एकदम गेले. डावीकडची सीट रिकामी होती. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिची नजर उजवीकडे, स्वतःवर गेली.

घसा अजून जळत होता. ओरडल्याचं तिला पक्कं आठवत होतं, आणि जबड्यावरून ओळखण्यात ती आजवर कधी चुकली नव्हती. फोटोतली बाई ओरडत नव्हती. मान डावीकडे वळवून, रिकाम्या सीटकडे बघून, ती खदखदून हसत होती.

बाहेर मुलगी काचेवर आणखी वाकली होती. तिचं बोट काचेवर, रिकाम्या सीटवर होतं.

"अशी का बसलीय ती?" तिनं विचारलं. "दोन्ही हातांनी तोंड का झाकून घेतलंय तिनं?"

फोटोवालीनं पुन्हा पाहिलं; सीट रिकामीच होती.

"आणि शेजारी तुम्ही आहात ना?" मुलीनं पडद्यावरून नजर काढली आणि काचेतून तिच्याकडे पाहिलं. फोटोवालीचा मास्क अजून हनुवटीवरच होता, ढाल घालायची राहिली होती. "तुम्ही तिला हसताय. म्हणजे त्या दिवशी तुम्हीच होतात."

फोटोवालीला हो म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधी तिचे दोन्ही हात वर आले आणि तोंडावर घट्ट बसले, आणि ते तिला काढता येईनात.